पुढची दोरी

त्या साली आमच्या कळकाला फुलं आली.

कळक फुलतो म्हणजे काय होतं, हे ज्यानं बघितलं नाही त्याला सांगून पटत नाही. आमच्या आबांनी, म्हणजे वडलांनी, उभ्या जन्मात बघितलं नव्हतं. दिवाळी सरली आणि बांबूच्या त्या बेटाचा पाला गळायला लागला, पेरापेराला गवतावाणी तुरे लोंबायला लागले. गावातली माणसं बघायला यायची, हळहळायची आणि आमच्याच सोप्यात चहा पिऊन जायची. जो तो आबांना एकच सांगायचा, केरबा, फुललेला कळक मरतो. जसं काही आम्हाला डोळे नव्हते. माघापर्यंत सगळं बेट वाळून भगभगीत झालं आणि खाली सांडलेलं बी खायला उंदीर जमले.

बेट मेल्याचं दुःख एका बाजूला. पण चैत्रात जोतिबाच्या डोंगरावर न्यायची आमच्या गावची सासनकाठी त्या बेटातनं जायची. जुनी काठी गेल्या चैत्रात डोंगर उतरताना बुडाशी उकलली होती. नव्या काठीसाठी आबांनी बेटाच्या मधोमध एक कळक राखला होता, सरळ आणि बारीक पेराचा. येता-जाता त्याच्यावरनं हात फिरवायचे. आम्हा दोघा भावांच्या पाठीवरनं तेवढा हात कधी फिरला नसेल. तोही फुलला.

वरच्या आळीचा हिंदुराव आमचा चुलता लागतो. देवळापुढच्या बैठकीत त्यानं विषय काढला. फुललेला कळक तिरडीला चालतो, काठीला चालत नाही, असं तो सगळ्यांदेखत बोलला आणि आम्ही बाजारातनं आणतो म्हणाला. त्याच्याकडं बैल होते, माणसं होती, आणि आमच्या आजोबाच्या वेळेपासनं पोटात दुखतही होतं.

आमच्या गावात काठी विकत आणत नाहीत. जित्या बेटापुढं नारळ ठेवायचा, हळदकुंकू वाहायचं, येतोस का म्हणून विचारायचं आणि मग कुऱ्हाड लावायची. ज्याचं बेट, त्याच्या घरची पुढची दोरी. ती आजवर आमच्या घरात होती आणि ती धरायचा तो मी, ईश्वरा.

काठी उभी केली तर आमच्या घराच्या आढ्याच्या कितीतरी वर जाते. बुडाकडं आडवी फळी बांधलेली असते, ती खांद्यावर घेऊन माझा थोरला भाऊ सर्जेराव काठी पेलतो. शेंड्यापासनं चार दोऱ्या चार अंगाला ताणलेल्या असतात. लोक वाहवा करतात ती पेलणाऱ्याची, पण काठी उभी ठेवतात दोऱ्या. दोरीवाल्यानं नजर शेंड्यावर ठेवायची. बाकी कशावर नाही. बाजूनं हत्ती गेला तरी वळून बघायचं नाही. पुढच्या दोरीवाल्यानं तर पापणीसुद्धा बेतानं हलवायची, कारण काठी मागं गेली की खाली दादाचं टाळकं असतं.

आता अनशी वैनीचं सांगतो, कारण गोष्ट तिची आहे.

अनशी वैनी म्हणजे दादाची बायको. घाटाखालची. लग्न होऊन आली तेव्हापासनं दर चैत्रात आम्ही सगळे डोंगरावर जायचो आणि म्हशीची धार काढायला कुणीतरी पाहिजे म्हणून ती मागं राहायची. आम्ही गुलालानं लाल होऊन परत आलो की पाय धुवायला पाणी द्यायची आणि तिथंच बसून विचारत सुटायची. देवळाला दारं किती दिशांना आहेत? गुरव काय नेसतात? दवणा कुठं विकतात, आत का बाहेर? आम्ही एकमेकांच्या तोंडाकडं बघायचो. मग तिचा ठरलेला सवाल यायचा.

“देव केवढा हाय, भावजी?”

“म्हंजे?”

“म्हंजे केवढा? तुमच्या दादाएवढा हाय, का मोठा, का ल्हान?”

मी म्हणायचो, कॅलेंडरात आहे की फोटो, बघ. ती म्हणायची, फोटोत तोंड कळतं, उंची कळत नाही, फोटोत तर तुम्ही पण उंच दिसता. मग मी चिडायचो. चिडायचं कारण असं, की मला माहीत नव्हतं. लहानपणापासनं डोंगरावर जातोय आणि देव बघितलेला नाही. मी नाही, दादानं नाही, आबांनीही नाही. डोंगरावर काठी उभी असेतोवर दोरी सोडायची नाही आणि काठी आडवी झाली की गावाची वाट धरायची, अशी आमची रीत. शेंडा दिसला म्हणजे देव दिसला, असं आबा म्हणायचे. इतर दिवशी जावं तर तेही नाही. काठीशिवाय गेलं तर देव विचारील की, काठी कुठाय?

त्या साली म्हैस आटली होती. धार काढायची नव्हती, वैरण टाकायला शेजारची बाळाबाई तयार झाली होती. वैनी येणार हे दिवाळीलाच ठरलं होतं आणि तिनं ते बैलाला दाणे घालतानासुद्धा बैलाला सांगितलं होतं.

काठीचं काय करायचं या विचारानं आबांचं जेवण उडालं तेव्हा वैनीच भाकरी थापता थापता म्हणाली, माझ्या आईकडं आहेत की कळक. आबांनी त्या रात्री दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

आबांचा खुबा गेलेला, घाट उतरायची सोय नव्हती. मी, दादा आणि आळीतले दोघं गेलो. वैनीची आई म्हणजे वाळलेल्या सुपारीएवढी म्हातारी. घरात ती आणि एक मांजर. वैनीला भाऊ नाही. बेट मात्र असं की आत शिरलं तर ऊन लागायचं नाही. दादानं नारळ ठेवला, विचारलं, आणि पैशांचं बोलायला गेला तर म्हातारी रागावली. मग दादा उगीच गावची फुशारकी सांगत बसला, आमच्याकडं ज्याचं बेट त्याची पुढची दोरी, हिंदुरावासारखा असला तरी काही चालत नाही, असं आणि तसं. म्हातारीनं सगळं ऐकून घेतलं.

“मगे दोरी आमची झाली मां?” ती म्हणाली.

दादा हसला. मीही हसलो. त्या हसण्याची किंमत नंतर कळली.

कळक घाटातनं वर आणताना आमच्या खांद्याची सालटी निघाली. ओला कळक म्हणजे पाण्यानं भरलेला. तोडल्यावर तो जमिनीला टेकवायचा नाही, दम खायला दुबेळकी, वर फाटा असलेल्या काठ्यांवर ठेवायचा. वळण आलं की पुढचा माणूस डोंगराला घासायचा आणि मागचं टोक दरीवर जायचं. मी मागं होतो. खाली बघवत नव्हतं म्हणून मी वर बघत होतो, आणि वर बघायची मला सवयच. एका वळणावर दादा ओरडला, खाली बघ की गाढवा. तेव्हा माझा एक पाय कठड्यावर होता.

घरी आल्यावर आबांनी कळकावरनं हात फिरवला. टिचकी मारून आवाज ऐकला आणि लई ओला आहे म्हणाले. पण वाळवायला वेळ नव्हता. धुरावर धरला, तेल पाजलं. तरी ओला तो ओलाच. शेंड्याकडच्या एका पेराला हिरवा कोंब होता, तो दादा छाटायला गेला तर आबांनी राहू दे म्हणून सांगितलं.

पाडव्यानंतरच्या बैठकीत हिंदुराव उभा राहिला. काठी झकास आहे म्हणाला. आणि मग अगदी गोड आवाजात त्यानं विचारलं, ही काठी घाटाखालच्या घरची, मग पुढची दोरी धरायला घाटाखालनं कोण येणार? ईश्वरा कसा धरील, बेट कुठं त्याचं आहे? माणूस नसेल तर ही काठी गावाची नव्हे, आणि आम्ही आणून ठेवलेली आहेच.

माणसं आबांच्या तोंडाकडं बघायला लागली. हिंदुराव रीतच बोलला होता, खोटं काही नव्हतं. आबा खुब्यावर हात दाबत उठले.

“अनशी धरंल,” ते म्हणाले.

कुणीतरी खोकलं. बाईमाणसानं दोरी धरायची नाही असं आमच्यात कुणी कधी सांगितलेलं नव्हतं. तशी वेळच आली नव्हती. हिंदुरावानं तोंड उघडलं आणि मिटलं, कारण रीत त्यानंच काढली होती.

आम्हाला वाटलं, घरी सांगितलं की वैनी हरखून जाईल. गावात आजवर कुठल्या बाईला मिळाला नाही असा मान. तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं आणि मी नाही धरणार म्हणून सांगितलं.

दादा तिच्यावर डाफरला. आबांनी त्याला हातानं गप्प केलं आणि का ते विचारलं.

“मामा, इतकी सालं मला म्हशीनं बांधून ठिवलं. आता दोरीनं बांधताय व्हय? मला देव बघायचा हाय. दोरी धरली की शेंडाच बघायचा. मग मी डोंगरावर गेले काय आन् गोठ्यात बसले काय.”

खोटं बोलायचा आबांचा स्वभाव नाही. एवढंच म्हणाले, कळक तुझ्या आईचा आहे, तो घरात आडवा पडून राहिला तर तिचं नाव निघेल, बाकी तू बघ. आणि उठून बाहेर गेले.

वैनी रात्रभर माझ्या माहितीप्रमाणे झोपली नाही, कारण भांड्यांचा आवाज येत होता. सकाळी माझ्यापुढं येऊन उभी राहिली. हातात नारळ.

“भावजी, तुमची दोरी मी धरते. तुमचा हात मोकळा झाला. आत जायचं आन् देव बघायचा. माझ्यासाठनं. केवढा हाय ते नीट बघून यायचं, सांगताना गोंधळ घालायचा न्हाई. तुमच्या दादाच्या छातीला लागतोय का खांद्याला, तेवढं बघा.”

मी नारळ घेतला. खरं सांगतो, मला भीती वाटली.

डोंगर चढताना वैनीनं सगळं बघून घेतलं. जे दिसेल ते. गायमुखाचं पाणी पिऊन बघितलं, दुसऱ्या गावच्या काठ्यांची फळी कशी बांधलीय ते वाकून बघितलं, एका हलगीवाल्याला हलगी कुठल्या कातड्याची म्हणून विचारलं. दादा शरमून पुढं पळत होता. वर पोचलो, काठीला शेले बांधले, निशाण चढवलं, आणि काठी उभी राहिली तशी वैनीनं पदर खोचला, दोरी मनगटाला वेढा देऊन धरली आणि मान वर केली. तिचं बघणं तिथं संपलं.

गाडीनं वर आलेले आबा दगडावर बसले होते. मला म्हणाले, जा आता, हुबा का?

मी देवळाकडं निघालो. हात मोकळे घेऊन त्या डोंगरावर मी पहिल्यांदाच चालत होतो आणि मला धड चालताच येईना. उजवी मूठ आपोआप आवळायची. गुलालानं पाऊल बुडत होतं, वरनं खोबऱ्याच्या वाट्या डोक्यात पडत होत्या, दवण्याचा वास नाकात भरला होता. वास इतकी सालं येत होता, पण दवणा दिसतो कसा ते आत्ता बघितलं. जुडी घेतली. विकणारी बाई दाराबाहेर बसली होती. हे वैनीला सांगायचं, मनात म्हणालो. गुरवाचं धोतर बघितलं. दीपमाळा बघितल्या. त्या एवढ्या जाड आहेत हे मला ठाऊक नव्हतं, मला त्यांचे शेंडे तेवढे ठाऊक होते.

रांग सरकत सरकत उंबऱ्याशी आली. पुढच्या माणसाचं डोकं बाजूला झालं की देव दिसणार. मी छाती, खांदा, छाती, खांदा असं घोकत होतो. तेवढ्यात बाहेर आरोळी उठली. जोतिबाच्या नावानं चांगभलं. हजारो माणसांची. तशी आरोळी उठते ती वारा आला, काठ्या वाकल्या की. आणि माझी मान वर गेली.

मी नेली नाही. गेली. इतक्या सालांची वळण पडलेली मान. काजळी धरलेलं छत दिसलं, घंटेची साखळी दिसली, कोपऱ्यात एक पारवा बसला होता तो दिसला. मी त्या साखळीचा शेंडा शोधत होतो. गुरवानं माझ्या हातातला नारळ घेतला, म्होरं व्हा म्हणाला, आणि मागच्या रेट्यानं मी दुसऱ्या दारानं बाहेर आलो.

परत आत शिरायला बघितलं. एका पैलवानानं मला उचलून बाजूला ठेवलं.

काठ्या खालच्या यमाईच्या देवळाकडं निघाल्या होत्या. उतारावर आमची काठी सापडली तेव्हा वारा भरात होता. वाळलेली काठी वाऱ्यात थरथरते, हा ओला कळक कमरेतनं वाकत होता. शेंडा एकदा पार मागं गेला. दादाचे गुडघे वाकलेले दिसले. हिंदुरावाची माणसं कडेला उभी होती, त्यांनीही श्वास धरला असणार. वैनी दोन ढांगा ओढली गेली, मग पायरीला टाचा लावून सरळ खालीच बसली. दोरी छातीशी, मान वर. मी धावलो, दोरीला हात घातला.

“हात लावू नगंस,” लंगडत मागनं आलेले आबा ओरडले. “तिची दोरी हाय.”

मी हात काढला. शेंडा वर थांबला, थोडा विचार केल्यासारखा, आणि हळूहळू पुढं आला. दादा सरळ झाला. हलगीनं परत ठेका धरला. हिंदुराव म्हणाला, चांगभलं. त्याला म्हणावंच लागलं.

ऊन उतरल्यावर काठी परत देवळापुढं येऊन उभी राहिली. वैनीचे तळवे सोलले होते. दोरी न सोडता, शेंड्यावरनं नजर न काढता तिनं विचारलं,

“केवढा हाय?”

मला खोटं सांगता आलं असतं. छातीला, म्हणालो असतो तर संपलं असतं.

“वैनी, मी वरच बघितलं,” मी म्हणालो. “छत बघितलं. पारवा हाय तिथं एक.”

दादा हसायला लागला. दोरीवाले हसले. मी सगळं सांगितलं तसे आणखी हसले, एक तर बसूनच हसला. वैनी हसली नाही. तिचे डोळे भरले आणि तिला ते पुसताही येईनात, कारण दोन्ही हात दोरीला आणि नजर वर. पाणी कानाकडं ओघळत गेलं. मग कुणी हसलं नाही. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

आबा दगडावरनं उठले. खुब्यावर हात दाबत, लंगडत तिच्यापाशी आले.

“दे हिकडं.”

“मामा, काठी हुबी हाय अजून. सोडता येत न्हाई.”

“दोरी तुझी. तू माझ्या हातात दिलीस तर सुटली कुठं? दे. आन् जा. आमच्या घरातनं कुणीतरी एकदा बघून या बाई.”

हे रीतीत बसतं का, मला अजून ठाऊक नाही. हिंदुराव पलीकडंच होता, पण तो अंगावरचा गुलाल झटकत राहिला. वैनीनं दोरीचा वेढा मनगटावरनं काढून आबांच्या मनगटाला घातला आणि मान खाली केली. मान लगेच खाली येईना, हातानं दाबून आणली. मग ती गर्दीत शिरली. जाताना मी दवण्याची जुडी तिच्या मुठीत दिली.

आम्ही थांबलो. दुसऱ्या गावच्या काठ्या आडव्या झाल्या, त्यांच्या गाड्या उतरायला लागल्या. दादा फळीखाली घामानं निथळत होता, पण काठी खाली घेऊ या असं एकदाही म्हणाला नाही. दिवे लागायच्या सुमाराला वैनी आली. कपाळापासनं गळ्यापर्यंत लाल. काठीच्या बुडाशी येऊन बसली.

सगळे दोरीवाले शेंड्याकडं बघत होते आणि कान तिच्याकडं. शेवटी आबांनीच विचारलं. नजर वरच.

“केवढा हाय गं?”

ती उठली, आबांच्या शेजारी जाऊन उभी राहिली. आपला सोललेला तळवा आडवा धरून तिनं आबांच्या खांद्याच्या खाली, जिथं बंडीचं वरचं बटण येतं, तिथं टेकवला.

“एवढाच?” दादा फळीखालनं म्हणाला.

“एवढाच. मिशा हाईत. आन् सरळ म्होरं बघतोय, दाराकडं.”

आबांनी त्या हाताकडं खाली बघितलं. दोरी हातात असताना त्यांनी खाली बघितलेलं मी आयुष्यात पहिल्यांदाच बघितलं. मग परत वर, ओल्या कळकाच्या शेंड्याकडं, जिथं निशाणाखाली तो हिरवा कोंब दिवसभराच्या उन्हानं मलूल होऊन लोंबत होता.

“मग काठी उंचच पायजे की,” आबा म्हणाले. “एवढासा देव, आत उभा. म्होरं ही गर्दी. कोण आलंय ते त्येला दिसायचं कसं?”

दादानं फळी दुसऱ्या खांद्यावर घेतली. वैनीनं आबांच्या मनगटावरचा वेढा सोडवून परत आपल्या हातावर घेतला आणि मला म्हणाली, भावजी, पळा, दार बंद व्हायच्या आत एकदा जाऊन या, आणि मान खाली घालून जा.